स्थाणू की पुरुष? : अंतराळातील चित्रफिती आणि परग्रहयानांचा वाद

१

तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात दूरवर काहीतरी उभे असलेले दिसते. ते वठलेल्या झाडाचे खोड आहे की एखादा माणूस, हे पाहणाऱ्याला ठरविता येत नाही. न्यायशास्त्राने 'संशय' या पदार्थाचे विवेचन करताना परंपरेने हाच दृष्टांत घेतला आहे. उंची आणि जाडी हे खोडात व माणसात समान असलेले धर्म डोळ्यांना दिसतात. परंतु हातपाय किंवा ढोली व फांद्या यांसारखा, एकाच पक्षाचा निर्णय करून देणारा विशेष धर्म दिसत नाही. या मांडणीचे महत्त्व असे की, तीत संशय म्हणजे केवळ अज्ञान नव्हे. काय दिसले, काय दिसले नाही आणि काय दिसले असता प्रश्न सुटेल, या तिन्ही गोष्टींची जाणीव संशयात असते. म्हणूनच संशय हा विचाराचा आरंभ ठरतो.

मानवाने अंतराळात कॅमेरा नेल्यापासून हा जुना दृष्टांत एका नव्या क्षेत्रात पुन्हा उभा राहिला आहे. अंतराळयानांतून घेतलेल्या चित्रफितींत अधूनमधून काही प्रकाशमान बिंदू, चकत्या किंवा रेघा दिसतात. त्या परग्रहावरील प्रगत जीवांच्या यानांच्या आहेत, असे एका पक्षाचे म्हणणे. त्या बर्फाच्या कणांच्या, यानाच्या सुट्या तुकड्यांच्या किंवा भिंगात उत्पन्न होणाऱ्या आभासांच्या आहेत, असे दुसऱ्या पक्षाचे. हा विषय साहित्याच्या अभ्यासकांनी का पाहावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा वाद खगोलशास्त्राचा जितका आहे तितकाच वाचनाचाही आहे. चित्रफीत ही एक संहिता आहे. ती कोठे, कोणत्या साधनाने व कोणत्या परिस्थितीत तयार झाली हे न पाहता तिचा अर्थ लावणे म्हणजे हस्तलिखिताची परंपरा न तपासता पाठ निश्चित करणे होय. प्रस्तुत लेखात या वादातील काही प्रमुख प्रकरणांची मांडणी करून, संशयाचे निर्णयात रूपांतर होण्यास नेमके काय कमी पडते, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे. कारण या वादात शब्दांनी पुराव्याच्या आधीच पुष्कळ काम केलेले आहे.

२४ जून १९४७ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनिअर या पर्वताजवळून स्वतःचे विमान चालवीत जात असताना केनेथ आर्नल्ड यांना नऊ चकाकत्या वस्तू ओळीने जाताना दिसल्या. त्यांच्या गतीचे वर्णन करताना आर्नल्ड यांनी, पाण्यावर भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशा त्या जात होत्या, अशा अर्थाची उपमा दिली. उपमा होती ती गतीला. वृत्तपत्रांत ती आकाराला लागली आणि 'उडती बशी' हा शब्द रूढ झाला. आर्नल्ड यांनी काढलेल्या आकृतीत त्या वस्तू पूर्ण गोल नव्हत्या, त्यांची मागची बाजू निमुळती होती. परंतु पुढे जगभर लोकांना ज्या वस्तू दिसू लागल्या त्यांतील पुष्कळशा बशीसारख्या गोल होत्या. उपमेतील साधारण धर्म कोणता, हे विसरल्यामुळे उपमानच उपमेयाच्या जागी जाऊन बसल्याचे हे उदाहरण अलंकारशास्त्राच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारे आहे. मराठीत या शब्दाची 'उडती तबकडी' झाली. तबकडी म्हणताच डोळ्यांपुढे चपटी, वाटोळी, गरगर फिरणारी वस्तू येते. पाण्यावरच्या टप्प्यांची मूळ कल्पना मराठी शब्दात उरलेलीच नाही.

दुसरा शब्द अमेरिकी वायुदलाच्या दप्तरातून आला. १९५० नंतरच्या काही वर्षांत 'उडती बशी' ऐवजी 'अनोळखी उडती वस्तू' असा तटस्थ शब्दप्रयोग करण्यात आला आणि त्याच्या आद्याक्षरांचे 'यूएफओ' हे रूप सर्वत्र पसरले. हेतू स्तुत्य होता, परंतु परिणाम विपरीत झाला. 'अनोळखी' हे विशेषण वास्तविक पाहणाऱ्याच्या ज्ञानाविषयी बोलते. व्याकरणात मात्र ते वस्तूला लागते. काही काळाने ते वस्तूचाच गुण वाटू लागते आणि 'अनोळखी' ही जणू वस्तूंची एक स्वतंत्र जात होऊन बसते. आता 'ती अनोळखी वस्तू होती, हे सिद्ध झाले' असे वाक्य लोक सहजपणे बोलतात. ओळख न पटणे हे सिद्ध होणे कसे, हा प्रश्न त्यांना पडत नाही. अलीकडे अमेरिकी शासनाने 'वस्तू' हा शब्दही टाकून 'घटित' या अर्थाचा शब्द स्वीकारला आहे. दिसलेले जे काही आहे ते वस्तूच आहे, हेही गृहीत धरू नये, हा त्यामागील विचार योग्य आहे.

३

आता मूळ प्रकरणाकडे वळू. 'डिस्कव्हरी' हे अमेरिकेचे अंतराळयान १२ सप्टेंबर १९९१ रोजी निघाले. पृथ्वीच्या वरच्या वातावरणाचा अभ्यास करणारा उपग्रह कक्षेत सोडणे, हे त्याचे मुख्य काम. यान पृथ्वीपासून सुमारे ५७० किलोमीटर उंचीवरून फिरत होते. १५ सप्टेंबर रोजी यानाच्या मालकक्षातील कॅमेऱ्याने घेतलेले पृथ्वीच्या क्षितिजाचे दृश्य नासाच्या वाहिनीवरून प्रसारित होत होते. या दृश्यात काही प्रकाशबिंदू संथपणे सरकताना दिसतात. मग एक क्षणिक चमक होते. तिच्या पाठोपाठ एक बिंदू आपली वाट सोडून, तीव्र कोनात वळून झपाट्याने दूर निघून जातो. थोड्याच वेळात प्रकाशाची एक रेघ त्याच भागातून सर्रकन जाते. एका हौशी निरीक्षकाने ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवलेला हा थोडक्या मिनिटांचा तुकडा पुढे दूरचित्रवाणीवर दाखविला गेला आणि वादाला तोंड फुटले.

परग्रहयानाच्या पक्षाची मांडणी थोडक्यात अशी. निर्जीव कण आपण होऊन थांबत नाही व वळत नाही. हा बिंदू वळला. तोही चमक झाल्यानंतर वळला. अर्थात त्याला धोक्याची जाणीव झाली आणि त्याने स्वतःचा बचाव केला. मागून गेलेली रेघ ही त्याच्यावर पृथ्वीवरून झालेल्या माऱ्याची खूण असावी, असेही काहींनी सुचविले. हा पक्ष केवळ भाबड्या लोकांचा होता असे समजणे अन्यायाचे होईल. नेब्रास्का विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक जॅक कॅशर यांनी या चित्रफितीचे गणिती विश्लेषण करून बर्फाच्या कणांचे स्पष्टीकरण नाकारले. प्रतिमा-विश्लेषणाचे जाणकार मार्क कार्लोटो यांनी १९९५ साली एका नियतकालिकात निबंध लिहून, बिंदूंच्या मार्गांचे मोजमाप वायुझोताने ढकललेल्या कणांच्या हालचालीशी जुळत नाही, असे प्रतिपादन केले.

दुसऱ्या पक्षाची बाजू मुख्यत्वे जेम्स ओबर्ग यांनी मांडली. ओबर्ग यांनी ह्यूस्टनच्या उड्डाण-नियंत्रण केंद्रात अनेक वर्षे काम केलेले असल्याने यानाच्या दैनंदिन वर्तनाची त्यांना माहिती होती. त्यांचे म्हणणे असे की, अंतराळयान कधीच एकटे नसते. सांडपाणी बाहेर सोडले जाते, त्याचा बर्फ होतो. इंजिनांतून गळालेल्या द्रव्याचे कण गोठतात. आच्छादनाचे कपचे सुटतात. हे सारे यानाच्याच वेगाने यानाबरोबर फिरत असल्यामुळे त्याच्या अवतीभोवती तरंगत राहते. यानाची दिशा सावरण्यासाठी त्यावर चव्वेचाळीस छोटी इंजिने असत. त्यांतील सर्वांत लहान सहा इंजिनांचा रेटा सुमारे अकरा किलोग्रॅम भाराइतकाच असे. इतका रेटा यानाला जेमतेम हलवितो, परंतु त्याच्या झोतात सापडलेल्या बर्फाच्या कणाला क्षणार्धात भिरकावून देतो. चमक ही अशा इंजिनाच्या ज्वलनाची, वळण हे झोताच्या माऱ्याचे आणि रेघ ही झोतात सापडून वेगाने गेलेल्या दुसऱ्या कणाची, असा त्यांचा निष्कर्ष होता. चित्रण यानाच्या सूर्योदयाच्या सुमाराचे आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. अशा वेळी खालची पृथ्वी अंधारात असते आणि यानाजवळचे कण मात्र उन्हात न्हाऊन निघतात. यानाच्या सावलीतून बाहेर येणारा कण जणू शून्यातून प्रकट झाला असे वाटते.

४

दोन्ही पक्ष एकच चित्रफीत पाहत होते. मग इतका टोकाचा मतभेद का व्हावा? कारण एकच : चित्रफितीत अंतर दिसत नाही.

पृथ्वीवर आपण वस्तूचे अंतर अनेक खुणांवरून ओळखतो. दूरची वस्तू धुरकट दिसते, जवळच्या झाडामागे झाकली जाते, तिच्या शेजारी ओळखीच्या आकाराची माणसे, घरे, गुरे असतात. अंतराळात हवा नाही, म्हणून धुरकटपणा नाही. झाडे नाहीत, म्हणून माप नाही. कॅमेऱ्याने टिपलेला बिंदू हा केवळ एका दिशेचा निर्देश असतो. त्या दिशेला तो तीस मीटरांवर असू शकेल किंवा तीन हजार किलोमीटरांवरही असू शकेल.

याचा गणितावर काय परिणाम होतो ते एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखादा बिंदू चित्रात दर सेकंदास एक अंश या गतीने सरकत आहे. तो जर यानापासून तीस मीटरांवर असेल, तर त्याचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी येतो. ५७० किलोमीटर उंचीवरून दिसणारे पृथ्वीचे क्षितिज सुमारे २,७५० किलोमीटर दूर असते. तोच बिंदू क्षितिजापाशी आहे असे मानले, तर त्याचा वेग सेकंदाला ४८ किलोमीटर होतो. चित्र तेच, बिंदू तोच. एका गृहीतकाने तो बर्फाचा खडा ठरतो आणि दुसऱ्या गृहीतकाने मानवाच्या कल्पनेपलीकडचे यान. याचा अर्थ असा की, चित्रफितीतून 'काढलेला' अद्भुत वेग हा चित्रफितीत नव्हताच. तो अंतराच्या गृहीतकाबरोबर आत आला आणि निष्कर्ष म्हणून बाहेर पडला. जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरण्याचा हा दोष आपल्या परंपरेला अपरिचित नाही. 'साध्यसम' या हेत्वाभासाचे हे आधुनिक रूप म्हणता येईल. आर्नल्ड यांनी १९४७ साली काढलेला ताशी हजार मैलांहून कितीतरी अधिक असा वेगही त्यांनी मानलेल्या अंतरावरच अवलंबून होता.

या पक्षाच्या युक्तिवादाचे दुसरे रूप अर्थापत्तीसारखे आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरीही पुष्ट आहे, त्या अर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे, हा मीमांसकांचा दृष्टांत सर्वांना ठाऊक आहे. त्याच धर्तीवर, 'बर्फाचा कण असा वळत नाही आणि बिंदू तर वळला, त्या अर्थी तो बुद्धिपुरस्सर चालविलेले यान असला पाहिजे' असे म्हटले जाते. परंतु देवदत्ताच्या दृष्टांताचे बळ दोन गोष्टींत आहे. तो दिवसा जेवत नाही हे निश्चितपणे पाहिलेले आहे, आणि दिवस व रात्र यांखेरीज तिसरा काळ नाही. चित्रफितीच्या बाबतीत या दोन्ही अटी पुऱ्या होत नाहीत. कणाचे अंतर, आकारमान व झोतातील त्याचे स्थान ठाऊक नसल्यामुळे तो 'असा वळत नाही' हे निश्चित म्हणता येत नाही. आणि बर्फ व परग्रहयान यांच्या दरम्यान इतर शक्यतांची मोठी रांग उभी असते. एक पर्याय खोडून काढल्याने उरलेल्या सर्वांतील आपल्या आवडीचा पर्याय सिद्ध होत नाही.

५

१९९६ सालचे दुसरे प्रकरण आकाराविषयीचे आहे. 'कोलंबिया' यानातून एक उपग्रह लांब तारेच्या टोकाशी बांधून सोडण्याचा प्रयोग त्या वर्षी करण्यात आला. २५ फेब्रुवारी रोजी, २०.७ किलोमीटरपैकी १९.७ किलोमीटर तार उलगडलेली असताना ती तुटली आणि उपग्रह तारेसह दूर गेला. काही दिवसांनी ती तार शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर असताना यानातून तिचे चित्रण झाले. त्यात तार एका जाड पांढऱ्या कांडीसारखी दिसते आणि तिच्या आजूबाजूला असंख्य गोल चकत्या फिरताना दिसतात. चकत्यांच्या मध्यभागी छिद्र आहे व कडेला खाच आहे. काही चकत्या तारेच्या मागून जातात असे भासते. त्या खरोखर मागून जात असतील तर त्या शंभर किलोमीटरांपलीकडच्या, आणि म्हणून कित्येक किलोमीटर रुंद असल्या पाहिजेत, असा युक्तिवाद करण्यात आला.

येथे चित्रच आपल्याला किल्ली देते. ही तार प्रत्यक्षात केवळ अडीच मिलिमीटर जाडीची होती. शंभर किलोमीटरांवरून अडीच मिलिमीटर जाडीची वस्तू कांडीसारखी दिसते, याचा अर्थ चित्रातील जाडी ही तारेची नसून कॅमेऱ्याची आहे. सूर्यप्रकाशाने उजळलेली तार मंद प्रकाशासाठी जुळविलेल्या कॅमेऱ्याला इतकी प्रखर ठरली की तिची प्रतिमा फुगून पसरली. ज्या चित्रात तारेच्या जाडीवर विश्वास ठेवता येत नाही, त्याच चित्रातील चकत्यांच्या रुंदीवर ठेवावयाचा कसा? दूरच्या दृश्यासाठी जुळविलेल्या भिंगासमोर जवळचा कण आला की तो फोकसबाहेर जाऊन चकतीसारखा पसरतो, आणि त्या चकतीला भिंगाच्या रचनेचा आकार येतो. म्हणूनच अनेक चकत्यांना सारखेच छिद्र व सारखीच खाच दिसते. 'मागून' जाण्याचा आभासही असाच आहे. प्रखर पांढऱ्या पट्ट्यावर फिकट चकती आली की ती त्यात विरून जाते, आणि पाहणाऱ्यास ती मागे गेली असे वाटते. लेखनिकाच्या हाताची लकब सगळ्या पोथीभर एकसारखी दिसली, तर ती मूळ ग्रंथकाराची शैली म्हणून कोणी सांगत नाही. येथे सर्व चकत्यांवरील समान खूण ही लेखनिकाची, म्हणजे कॅमेऱ्याची, खूण आहे.

६

येथवरच्या विवेचनावरून, अंतराळवीरांनी सांगितलेले सर्व काही भ्रम होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. साक्षीदार खोटा नसूनही साक्षीचा अर्थ वेगळा असू शकतो. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा करताना सूर्योदयाच्या वेळी आपल्या यानाभोवती हजारो चमकणारे कण पाहिले आणि त्यांना काजव्यांची उपमा दिली. त्यांच्या कथनाविषयी जमिनीवर बरेच तर्क झाले. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉट कार्पेंटर यांनी पुढच्या उड्डाणात एक साधी गोष्ट केली : त्यांनी यानाच्या भिंतीवर हाताने ठोकले. ठोकताच कणांचा नवा थवा उडाला. यानाच्या पृष्ठभागावर साचलेल्या दवाचा तो बर्फ होता. ग्लेन यांनी जे पाहिले ते खरे होते. कार्पेंटर यांनी त्यात विशेष धर्माची भर घातली आणि संशयाचे निर्णयात रूपांतर झाले.

जेम्स मॅकडिव्हिट यांचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. जून १९६५ मध्ये 'जेमिनी-४' मधून जाताना त्यांना दंडगोलाकार, बाजूला काठीसारखा भाग असलेली एक वस्तू दिसली. घाईने घेतलेल्या छायाचित्रांत तिचा पत्ता लागला नाही. कोलोरॅडो विद्यापीठाने १९६८ साली पूर्ण केलेल्या अहवालात हे निरीक्षण उलगडा न झालेल्यांत ठेवण्यात आले. पुढे ओबर्ग यांनी, ती मॅकडिव्हिट यांच्याच अग्निबाणाचा सुटलेला टप्पा असावी, असे सुचविले. मॅकडिव्हिट यांना ते पटले नाही. परंतु ती परग्रहावरील वस्तू होती, असेही त्यांनी कधी म्हटले नाही. आपण पाहिले ते आपल्याला ओळखता आले नाही, इतक्यावर ते आयुष्यभर थांबले. दोन्ही बाजूंचा आग्रह सोसून संशयाला संशय म्हणून जपणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही.

७

वादाच्या रीतीविषयीही काही सांगितले पाहिजे. न्यायशास्त्राने कथेचे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. विजयासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करते ती वितंडा. परग्रहयानांची चर्चा पुष्कळदा जल्पाच्या वाटेने गेली आहे. एक चित्रफीत उलगडली की लगेच दुसरी पुढे करावयाची आणि पहिलीबद्दल मौन पाळावयाचे, ही जल्पाची लक्षणे होत. परंतु दुसरा पक्षही वितंडेपासून मुक्त नाही. 'बर्फ असेल' एवढे दोन शब्द उच्चारून विषय संपविणे, कॅमेऱ्याची दिशा, वेळ व इंजिनांच्या नोंदी लोकांपुढे न ठेवणे, पाहणाऱ्याची टवाळी करणे, यांमुळे निर्णय होत नाही. होतो तो केवळ अविश्वास. ओबर्ग यांच्या स्पष्टीकरणाचे बळ 'बर्फ' या शब्दात नसून सूर्योदयाची वेळ, इंजिनांचे स्थान व यानाचे वर्तन या तपशिलांत आहे.

असा तपशील हाती आला की काय होते, हे एका अलीकडच्या उदाहरणावरून दिसते. ते अंतराळातील नाही, पण प्रश्न तोच आहे. अमेरिकेच्या नौदलाच्या लढाऊ विमानातून २०१५ साली घेतलेली एक चित्रफीत तेथील संरक्षण खात्याने २७ एप्रिल २०२० रोजी इतर दोन चित्रफितींसह अधिकृतपणे प्रसिद्ध केली. तीत एक लहानशी वस्तू समुद्राच्या पृष्ठभागालगत विलक्षण वेगाने जाताना दिसते. परंतु या चित्राच्या कडेला विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन व वस्तूचे अंतर यांचे आकडेही उमटलेले आहेत. नासाने डेव्हिड स्पर्गेल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने त्यांवरून त्रिकोणमितीने हिशेब केला. १४ सप्टेंबर २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार ती वस्तू समुद्रालगत नव्हती, सुमारे १३,००० फूट उंचीवर होती, आणि तिचा वेग ताशी सुमारे ४० मैल, म्हणजे वाऱ्याबरोबर वाहत जाणाऱ्या वस्तूला शोभेल इतकाच होता. दिसणारा विलक्षण वेग मुख्यतः विमानाच्या स्वतःच्या गतीचा होता. धावत्या आगगाडीतून जवळचे खांब मागे पळताना दिसावेत, तसा. ती वस्तू नेमकी कोणती, हे या हिशेबाने कळत नाही. ती अनोळखीच राहिली. अद्भुत मात्र उरली नाही. हा भेद या संपूर्ण वादाच्या मुळाशी आहे.

जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागाने सादर केलेल्या अहवालात १४४ निरीक्षणे होती आणि त्यांपैकी एकाचाच, हवा गेलेल्या एका मोठ्या फुग्याचा, खात्रीने उलगडा झाला होता. उरलेल्या १४३ निरीक्षणांचा आकडा अनेकांनी परग्रहयानांच्या बाजूचा म्हणून मोजला. वस्तुतः तो कोणत्याच बाजूचा नव्हता. तो अपुऱ्या नोंदींचा आकडा होता. नासाच्या अभ्यासगटाला परग्रहसंबंधाचा पुरावा आढळला नाही. आणि त्याने शिफारस केली ती अधिक चांगल्या, प्रमाणित उपकरणांची व सुसंगत नोंदींची. म्हणजे विशेष धर्म टिपण्याची व्यवस्था आधी करा, असेच त्याचे सांगणे होते.

८

विश्वात अन्यत्र जीवसृष्टी आहे काय, हा प्रश्न यापासून वेगळा ठेवला पाहिजे. इतर ताऱ्यांभोवतीच्या सहा हजारांहून अधिक ग्रहांची निश्चिती २०२५ पर्यंत झालेली आहे. तेव्हा त्या प्रश्नाला नकारार्थी उत्तर देण्याची घाई कोणीही करणार नाही. परंतु जीवसृष्टीची शक्यता हा अमुक चित्रफितीतील अमुक बिंदूविषयीचा पुरावा होऊ शकत नाही. नदीत मासे असतात एवढ्यावरून पाण्यातली प्रत्येक हालचाल माशाची ठरत नाही.

साहित्याला मात्र या बाबतीत वेगळे स्वातंत्र्य आहे. सत्यजित राय यांनी १९६२ साली 'संदेश' मासिकात लिहिलेल्या 'बंकुबाबुर बंधु' या बंगाली कथेत गावातील मंडळींच्या बैठकीत आकाशातल्या एका प्रकाशाची चर्चा चालते. तो उपग्रह असावा, असे म्हटले जाते. परग्रहावरून कोणी येत असेल अशी शंका काढणाऱ्या गरीब स्वभावाच्या बंकुबाबूंची चेष्टा होते. पुढे बांबूच्या बेटात त्यांची आणि परग्रहवासीयाची गाठ पडते. येथे स्थाणू की पुरुष, हा संशय लेखक स्वतः मिटवितो, कारण कथेत विशेष धर्म पुरविण्याचा अधिकार त्याचाच असतो. आपल्या मनात जो समाधानाचा भाव उमटतो तो परग्रहवासीयाच्या अस्तित्वाचा नसतो. एका उपेक्षित माणसाला कोणीतरी मोलाचे मानले, याचा असतो. चित्रफितीतील बिंदूकडे पाहणारे अनेक जण कथेतले हेच समाधान पुराव्यापाशी मागत असतात. ती मागणी हास्यास्पद नाही. तिचे स्थान मात्र वेगळे आहे.

मराठीत जयंत नारळीकर यांनी ही दोन्ही स्थाने सांभाळली. 'यक्षांची देणगी' सारख्या कथांतून त्यांनी परग्रहवासीयांना मोकळेपणाने पृथ्वीवर आणले. वैज्ञानिक म्हणून मात्र पृथ्वीबाहेरच्या जीवनाचा शोध ज्या प्रयोगांतून घेण्यात आला त्यांत ते अग्रभागी होते. हैदराबादहून मोठे फुगे सोडून वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने निर्जंतुक नळ्यांत गोळा करण्यात आले. एप्रिल २००५ मधील उड्डाणाच्या नमुन्यांतून जिवाणूंच्या बारा व बुरशीच्या सहा वसाहती वाढविण्यात आल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या, आणि एकीला आर्यभटाचे नाव देण्यात आले. हे निष्कर्ष भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने मार्च २००९ मध्ये जाहीर केले, तेव्हा या शोधाने जिवाणूंचे पृथ्वीबाहेरील मूळ निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असेही स्पष्टपणे सांगितले. येथे नमुना हाती होता, उंची ठाऊक होती, जाती नव्या होत्या. जे एका धूसर बिंदूच्या वाट्याला कधी येत नाही ते सारे होते. तरीही विधान पुराव्यापाशीच थांबले.

हे थांबणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. उद्या खरोखरच एखादे परग्रहयान आपल्या कॅमेऱ्यासमोर आले, तर ते ओळखण्याचे साधनही हेच असणार आहे : अंतर मोजणे, कोन नोंदणे, भिंगाचे दोष वजा करणे आणि उरलेल्या विशेष धर्माची वाट पाहणे. प्रत्येक बर्फाच्या कणाला यान म्हणण्याची सवय लागली, तर खऱ्या यानाला यान म्हणताना आपल्या शब्दांत बळ उरणार नाही. आणि प्रत्येक अनोळखी गोष्टीला न पाहताच बर्फ म्हणण्याची सवय लागली, तर ते दिसणारच नाही. तिन्हीसांजेला दूर उभ्या असलेल्या आकृतीपाशी जाऊन ती खोड आहे की माणूस हे पाहता येते. जाता येत नसेल तेव्हा, 'अजून ठरलेले नाही' एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.